खालच्या गल्लीत पाइप सारखा फुटतोय, चावी आवळू की पीआरव्ही (प्रेशर उतरवणारा व्हॉल्व्ह) बसवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा, लै वैतागलोय.

जुळे सोलापुरात आमची कॉलनी आहे, शंभरेक घरं, बहुतेक दुमजली. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं ते कॉलनीच्या मोठ्या हौदात घेतो, मोटरनं उंच टाकीत चढवतो आणि रोज सकाळी तासभर सोडतो. चावी सोडायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. टाकी १८ मीटर उंच, त्यात खालची गल्ली उतारावर अजून १० मीटर खाली, म्हणजे तिथं २८ मीटर हेड (पाण्याच्या उंचीचा दाब), जवळजवळ २.८ किलो प्रेशर. तिथली पीव्हीसी लाइन दोन महिन्यांत चारदा गेली, दोनदा सॅडलपाशी (घरचा नळजोड घेतो ती पट्टी), एकदा जॉइंटला आणि एकदा तर पाइप उभाच चिरला. दर वेळी खड्डा, प्लंबर आणि कुणाच्या तरी फरशीवरून भांडण. वरच्या गल्लीत मात्र करंगळीएवढी धार, तिथल्या एक मावशी रोज घागर घेऊन माझ्याच दारात.

प्लंबर म्हणतो खालची चावी अर्धी आवळून ठेवा, फुकटात काम. एक जण पीआरव्ही बसवा म्हणतोय, खर्च ऐकून कमिटी गप. खरंच फरक पडतो का? आणि प्रेशर उतरवलं तर दुसऱ्या मजल्याला पाणी चढेल का, नाहीतर शिव्या मलाच.

प्रतिसाद १
चावी आवळल्यानं प्रेशर पाणी जोरात वाहतंय तोवरच उतरतं ओ. सगळ्यांच्या घरचे हौद भरले, नळ बंद झाले की प्रवाह थांबतो आणि प्रेशर परत होतं तिथंच. पाइप नेमका तेव्हा ताणला जातो. पीआरव्ही प्रवाह कितीही असो, पुढचं प्रेशर ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नाही.

२८ चं १५ मीटर केलंत तर ठरावीक आकाराच्या भोकातून गळती साधारण पाव भागानं कमी होते, पण प्लास्टिक पाइपची चीर प्रेशरनं उघडते-मिटते, तिथं निम्म्याहूनही जास्त उतरू शकते. सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याची तांत्रिक संस्था) १९९९ च्या मॅन्युअलमध्ये दुमजलीला १२ मीटर सांगितलं होतं, तेव्हा शिव्या बसणार नाहीत. उलट खालचे हौद हावरटासारखं पाणी ओढायचे थांबतील आणि मावशींची घागर भरेल.

घेताना पाइपच्या मापाचा डोळे झाकून घेऊ नका, बऱ्याचदा एक माप लहान लागतो. आधी गाळणी, शेजारी बायपास (पाण्याला दुसरी वाट) आणि दोन्ही बाजूंना प्रेशर मोजायचा गेज.

प्रतिसाद २
उभा चिरलेला पाइप वाचून विचारतो, चावी कशी सोडता? रिकाम्या लाइनीत हवा असते, एकदम सोडलं की पाणी धावत जाऊन शेवटाला आदळतं, त्याला पीआरव्ही काय करणार. पाच-दहा मिनिटं घेऊन हळूहळू सोडा, बंद करतानाही तसंच, आणि लाइनीतली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह चालू आहे का बघा. आमच्याकडचा रंग देताना बुजवला होता बे, वर्षभर कुणाला पत्ता नाही.

अजून एक, लाइनीला डायरेक्ट मोटर कोण लावतंय ते बघा. ती ओढायला लागली की लाइनीत उलटं खेचलं जातं आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत येतं. गळतीपेक्षा ते वाईट.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चावी एकदम सोडायचो, खरंय, ऑफिसची घाई. काल प्लंबरकडनं गेज मागून खालच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला लावला, चावी अर्धी आवळून. सुरुवातीला १.४ किलो दाखवत होता, मी खूश. पाऊण तासानं हौद भरत आले तसा काटा चढत चढत २.६ वर. प्लंबर शेजारीच उभा होता, काही बोलला नाही.

एअर व्हॉल्व्ह शोधतोय, नकाशात आहे, जागेवर कुणीतरी फरशी घातलीय. पीआरव्हीचं रविवारच्या मीटिंगमध्ये काढतो, गेजचे फोटो ठेवलेत. तो खालच्या गल्लीच्या सुरुवातीलाच बसवायचा ना, की टाकीपाशी? टाकीपाशी बसवला तर वरची गल्ली अजून मरेल असं वाटतंय.

प्रतिसाद १
बरोबर वाटतंय. खालच्या गल्लीची लाइन मेन लाइनीतून वेगळी होते तिथंच, टाकीपाशी अजिबात नको.