चार वर्षांच्या पोराला रेडिएशनसाठी रोज भूल, खरंच गरज आहे का?

भाच्याची_मावशी: भाच्याला मेड्युलोब्लास्टोमा आहे, लहान मेंदूतली गाठ. ऑपरेशन झालं, आता सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, ३० सिटिंग आणि दर वेळी भूल. किरण चालतात काही मिनिटं आणि तेवढ्यासाठी ३० वेळा लेकराला बेशुद्ध करायचं? अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१६ मधे ३ वर्षांखालच्या मुलांना वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिला होता, तो वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. माझं मत, समजावून खेळवून करावं.

भूलवाला_डॉक्टर: ताई, गरजेचे उपचार त्यासाठी टाळू नका हेही एफडीएनेच सांगितलंय. या आजारात डोक्यापासून पार पाठीच्या मणक्यापर्यंत लाईट म्हणजे किरण द्यावे लागतात, डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क डोकं धरेल पण पाठ कोण धरणार? किरण चालू असताना आत कुणी थांबू शकत नाही, आम्हीसुद्धा बाहेरून कॅमेऱ्यात त्याचा श्वास बघत असतो. बहुतेकदा प्रोपोफॉल हे भुलेचं औषध देतो, पोर स्वतःच श्वास घेतं आणि थोड्या वेळात जागंही होतं.

लेकीची_आई: डॉक्टर, माझी लेक साडेपाचची होती, पहिली चार सिटिंग भूल देऊन झाली आणि पुढची सगळी जागेपणी. बाहुलीला मास्क लावून खेळलो, मी बाहेरून माईकवर गोष्ट सांगायचे. रोज सकाळी उपाशी ठेवणं काय असतं ते आईला विचारा, आधीच पोरीचं वजन उतरलेलं. समजवायला माणसं आणि वेळ लागतो, तो नसतो म्हणून भूल, असं मला तरी स्पष्ट वाटतं.

भूलवाला_डॉक्टर: वेळ कमी पडतो हे मान्य. पण साडेपाच आणि चार यात फार फरक आहे हो. उपासासाठी सकाळचा पहिला नंबर मागा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आणि मेंदूची काळजी असेल तर भुलेपेक्षा मोठं नुकसान खुद्द किरणांचं असतं, म्हणून तर ते ठरल्या जागीच पडायला हवेत.

भाच्याची_मावशी: पाठीचं पटलं. पण पाठीची सिटिंग संपून नुसत्या गाठीच्या जागेची उरतील, तेव्हा एकदा तरी जागेपणी करून बघा असं उद्या सांगणार आहे. लहान आहे म्हणून प्रयत्नच करायचा नाही हे मला अजूनही पटत नाही. आज बहिणीला बाहुली आणून देते.