वकील, आमदार, खासदार की विधायक?

प्रश्न : थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) यांच्या चरित्रलेखात ‘अमेरिकन वकील आणि विधायक’ असा परिचय द्यावा का?

उत्तर : ‘विधायक’ टाळावा, असे माझे ठाम मत आहे. हिंदीत तो विधानसभा सदस्याला रूढ आहे. मराठीत मात्र ‘विधायक कार्य’, ‘विधायक सूचना’ अशा प्रयोगांत तो विशेषण म्हणूनच रुळला आहे. शिवाय, स्टीव्हन्स यांच्यासाठी एकच शब्द शोधण्याची गरजही नाही. १८३३ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि मोफत शाळांचा कायदा रद्द करण्याचा घाट घातला गेला असता १८३५ मध्ये त्यांनी तो प्रभावी भाषणाने वाचवला. या काळापुरते ‘आमदार’ म्हणावे. १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते वॉशिंग्टनमधील केंद्रीय प्रतिनिधिगृहात होते, म्हणून तेथे ‘खासदार’ शोभतो. राज्य आणि केंद्र हा भेद मराठी वाचकाला त्यातून चटकन कळतो.

‘वकील’ मात्र तसाच ठेवावा. ‘कायदेपंडित’ म्हटले की ग्रंथकार किंवा भाष्यकार डोळ्यांपुढे येतो. हे तर कज्जे लढवणारे गृहस्थ. गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून पुढे नावाजलेल्या याच माणसाने चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या दाव्यात मालकाची बाजू मांडून १८२१ मध्ये खटला जिंकला होता. १८५१ च्या ख्रिश्चियाना प्रकरणात मात्र, पळून आलेल्या गुलामांना पकडण्यास मदत न केल्यावरून देशद्रोहाचा आरोप आलेल्या कॅस्टनर हॅनवे यांच्या बचावासाठी ते उभे राहिले. दुसऱ्याची बाजू मांडणारा हा ‘वकील’ शब्दाचा अर्थ दोन्ही प्रसंगांना लागू पडतो.

पुरवणी प्रश्न : ‘राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोग फेटाळला गेला’ हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर : नाही. महाभियोग म्हणजे पदच्युती नव्हे, तर आरोप ठेवणे. आणि तो प्रतिनिधिगृहाने २४ फेब्रुवारी १८६८ रोजी मंजूर केला होता. खटला सिनेट या वरिष्ठ सभागृहापुढे चालला आणि मे महिन्यात ३५ विरुद्ध १९ अशी मते पडून दोन तृतीयांशांसाठी एक मत कमी पडले. म्हणून ‘महाभियोग मंजूर झाला, परंतु दोषसिद्धी झाली नाही’ असे लिहावे. या खटल्यात प्रतिनिधिगृहाची बाजू मांडणाऱ्यांत स्टीव्हन्सही होते. प्रकृती इतकी ढासळली होती की त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागे. या मंडळींना इंग्रजीत ‘मॅनेजर’ म्हणत असले तरी मराठीत ‘व्यवस्थापक’ न लिहिता ‘अभियोक्ते’ लिहावे.