मदत हवी आहे: पेलेट ग्रिलमधली राख आणि श्रावणानंतर मध्येच विझणारी आग

कुळागरकाठी

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. धाकटे दीर दुबईची नोकरी संपवून परतले, तेव्हा त्यांच्या सामानात लाकडी पेलेटवर चालणारं ग्रिल होतं. आता ते आमच्या मागच्या पडवीत असतं आणि गेली दोन वर्षं रविवारची मासळी बहुतेक त्यावरच होते. मला ते मनापासून आवडतं. चोणकाला रेशाद मसाला लावून आत ठेवली की कोळशाला वारा घालत बसावं लागत नाही, आणि लाकडाचा वास अगदी काट्यापर्यंत उतरतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाजूला हॉपर, म्हणजे पेलेट भरायची पेटी. तिच्या तळाशी ऑगर नावाचा लांब स्क्रू. तो मोटरवर हळूहळू फिरतो आणि पेलेट मधल्या लोखंडी वाटीत, फायरपॉटमध्ये, नेऊन टाकतो. तिथे एक तापणारी कांडी ते पेटवते आणि पंखा वाटीच्या भोकांतून वारा देतो. वाटीवर जाड पत्रा, त्यावर चरबी गळायचा ट्रे, त्यावर जाळी.

आता अडचण. श्रावणात आमच्याकडे मासळी-मटण बंद असतं आणि चवथ होईपर्यंत ते सुरू होत नाही. त्यामुळे आषाढाच्या शेवटच्या रविवारी ग्रिल बंद केलं, वरून ताडपत्री गुंडाळली आणि मग थेट गणपती पोचवल्यावरच उघडलं. आतली राख काढायची तशीच राहिली होती. मागच्या रविवारी पेटवलं तर पहिली वीस मिनिटं ठीक चाललं. मग पांढरट-पिवळा दाट धूर सुटला आणि तापमान ११० अंशांवरून ६० वर आलं. मी बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं, तर पाच मिनिटांत आत भक् असा आवाज होऊन झाकण उचललं गेलं. कोणाला इजा झाली नाही, पण मुलं शेजारीच उभी होती. तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट मासळीवर येणाऱ्या राखेची. झाकण उघडलं की बांगड्याच्या मसाल्यावर करड्या रंगाची बारीक पूड बसलेली दिसते. हे श्रावणाच्या आधीपासूनच वाढत होतं. तेव्हा घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढून पाहिली, तर पिशवीतून आरपार जाऊन ती मागच्या बाजूने बाहेर आली आणि सगळी पडवी पांढरी झाली.

पेलेट दुबईहून आणलेले होते ते संपले. एप्रिलपासून इथल्याच एका पुरवठादाराकडून घेते. तो ते कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकतो, म्हणून स्वस्त पडतात. दहा किलोंच्या एका पोत्याची राख उत्सुकतेपोटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती, ७०० ग्रॅम भरली.

राख किती दिवसांनी काढायची, कशाने काढायची, धुतलं तर चालेल का, आणि तो भडका कशामुळे झाला? जाणकारांनी कृपया सांगावं. आणि त्या राखेचं काय करता तेही सांगा. शेजारची बाय रोज "गोबर काडलो?" म्हणून विचारते. (बाहेरच्यांनी शेण समजू नये, कोंकणीत गोबर म्हणजे राख.) तिला ती माडाला हवी आहे.

लाकूडफाटा

ताई, आधी भडक्याचं सांगतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वाटीची भोकं राखेने बुजली की वारा आत जात नाही. आग विझते, पण ऑगरला ते कळत नाही, तापमान उतरलं म्हणून तो उलट जास्तच पेलेट टाकत राहतो. ते ढिगाने नुसते धुमसतात आणि आतमध्ये जळाऊ धूर कोंडतो. तुम्ही लगेच पुन्हा सुरू केलंत, कांडी तापली आणि कोंडलेला सगळा धूर एकदम पेटला. यापुढे आग मध्येच विझली तर पुन्हा बटण दाबायचं नाही. प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, जाळी-ट्रे-पत्रा उचला आणि वाटी हाताने रिकामी करा. मगच पेटवा.

आता पेलेट. दहा किलोंना ७०० ग्रॅम म्हणजे सात टक्के राख. चांगल्या प्रतीच्या लाकडी पेलेटची राख एक टक्क्याच्या आत असते, म्हणजे तुमच्या पोत्यामागे १०० ग्रॅमसुद्धा पडायला नको. बॉयलरचे पेलेट बहुधा शेतातल्या टाकाऊ मालाचे असतात, शेंगांची टरफलं, भुसा, भाताचं तूस. नुसत्या तुसात पंधरा-वीस टक्के राख असते आणि ती बहुतेक वाळूच्या जातीची. ती तापून वितळते आणि वाटीत काचेसारखे खडे धरते. शिवाय त्या मालात प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या फर्निचरचा भुसा नाही याची हमी कोण देणार? बॉयलरला चालतं, अन्नाला नाही. हे पोतं खायच्या वस्तूंसाठी वापरू नका, कितीही स्वस्त असलं तरी. पोत्यावर फक्त कठीण लाकूड लिहिलेलं असावं आणि खाद्यपदार्थांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असावं.

मासळीवरची पूड कुठून येते? वाटीभोवती तळाला राख साचली की पंख्याचा वारा ती उडवतो. मी दर पोत्यामागे एकदा सगळं उघडून साफ करतो, आणि वाटी दर दोन-तीन वापरांनी. तुमचे पेलेट सात टक्क्यांचे असल्यामुळे तुम्हाला प्रत्येक वेळी करावं लागलं असतं.

जांभादगड

वरच्या भाऊंनी छान लिहिलंय. धुण्याबद्दल मी सांगतो. पाणी घालू नका. लाकडाची राख क्षारी असते. ओली झाली की तिचं तिखट पाणी होतं, आपल्या आज्या त्याच्यावर भांडी घासायच्या ते उगाच नाही. तेच पाणी पत्र्याच्या सांध्यात शिरलं तर रंग फुगतो आणि खालून गंज धरतो. तुमच्या ग्रिलमध्ये पाणी न घालताही हेच झालं असणार. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. राख हवेतला ओलावा ओढते. वर ताडपत्री घट्ट बांधल्यामुळे आतला दमट वारा कोंडला. दीड महिना ओली राख वाटीत बसून तिचा लगदा झाला आणि मग खडा.

हॉपरमध्ये पेलेट ठेवले होते का? ते विचारायचं राहिलं. पेलेट म्हणजे दाबून बसवलेला भुसाच. ओल लागली की फुगतो, सुटा होतो आणि ऑगरच्या नळीत सिमेंटसारखा बसतो. पावसाळ्यात हॉपर रिकामा ठेवायचा आणि पेलेट घट्ट झाकणाच्या पिंपात.

राख काढायला राखेसाठीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो, पत्र्याच्या पिंपाचा. पण खरं सांगू? रुंद ब्रश, जुना चमचा आणि सुपली पुरते. घरातला व्हॅक्यूम तर मुळीच नको. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंतसुद्धा जिवंत राहतो. माझ्या चुलतभावाने "गार झाली" म्हणून प्लास्टिकच्या बादलीत राख ओतली आणि सकाळी बादलीचा तळ फरशीला चिकटलेला. पत्र्याचा झाकणाचा डबा घ्या आणि तो दगडी जागेवर ठेवा, सुक्या झावळ्यांपासून लांब.

तिखटमीठ

मी मांद्र्याची. समुद्र जवळ, त्यामुळे खारा वारा हा आमच्याकडचा अजून एक शत्रू. दोन गोष्टी सांगते.

एक, वीज. पावसात ग्रिल चालू असताना वीज गेली की पंखा थांबतो, पण आग थांबत नाही. ती ऑगरमधून हळूहळू हॉपरकडे सरकू शकते. म्हणून मी छोटा इन्व्हर्टर लावलाय. पेटताना तीनशे वॅटच्या आसपास लागतात, नंतर पन्नासच्या घरात, त्यामुळे फार मोठा लागत नाही. आणि बंद करताना थेट प्लग ओढू नका. बंद करायचं बटण दाबलं की पंखा आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरतो, तो उरलेले पेलेट जाळून टाकण्यासाठीच असतो.

दुसरं, चुरीस, म्हणजे आपलं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज. त्याची चरबी ट्रेवरून वाहते आणि तळाच्या राखेत मिसळून काळा चिखल होतो. पेटला तर तो पाण्याने विझवायचा नाही. झाकण बंद, स्वीच बंद, लांब उभं राहायचं. ट्रेवर फॉइल घालते आणि चुरीस केल्यावर ते दरवेळी बदलते.

आणि ताई, श्रावणात ग्रिल बंदच का ठेवायचं? आम्ही नीरफणसाचे काप, भरताची वांगी, कणसं करतो. पंधरा दिवसांतून एकदा तापलं की आतली ओल निघून जाते.

कुळागरकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी उघडलं.

हॉपर अर्धा भरलेला होता. माझीच चूक. वरचे पेलेट कोरडे, खालचे चार बोटं फुगलेले. चमच्याने खरवडून काढले. वाटीत वर जळालेल्या पेलेटचा ढीग होता आणि त्याखाली पापडासारखी करडी खपली, तिच्या खालच्या बाजूला खरोखरच काचेसारखी चकाकी होती. कांडीचं टोक तिच्यात गाडलेलं. खपली उचलल्यावर वाटीची भोकं मोजली तर अर्ध्याहून जास्त बुजलेली. झावळीची हीर काढून एकेक भोक उघडलं. हीर बरोब्बर त्या मापाची असते, आत गेली की टोकाशी राख चिकटून येते. तासभर गेला. तापमान मोजणाऱ्या सळीवरही काळा थर होता, तो सुक्या फडक्याने पुसला.

आज लाकूडफाटा यांनी सांगितल्याप्रमाणे नवे पेलेट आणले आणि तासभर रिकामंच चालवलं. ११० वर लावलं, १०५ ते ११५ मध्येच राहिलं. धूर पातळ आणि निळसर. मग दोन बांगडे ठेवले. मसाल्यावर एक कण नाही. त्या अर्ध्या पोत्याचं आता काय करायचं ते पुरवठादारालाच विचारते.

शेजारच्या बायला राख दिली, पण फक्त वाटीतली. तळाची चरबी लागलेली दिली नाही, मुंग्या आणि कुत्री येतात. आपली जांभी माती आंबट असते, तिला ही राख मानवते, पालाशही मिळतं. आमच्या सासूबाईंनी मूठभर बाजूला काढून ठेवलीय, चिंचेबरोबर समई घासायला.

एक राहिलं. ऑगर फिरताना अजून मधूनमधून किरकिरतो आणि एकदा क्षणभर अडकला. मोटरशी जोडणारी जी बारीक पीन आहे ती जरा वाकलेली दिसते. तिच्या जागी जाड स्क्रू लावला तर चालेल का?

लाकूडफाटा

नाही. ती पीन मुद्दाम नाजूक केलेली असते. ऑगर अडकला की पीन मोडते आणि मोटर वाचते. जाड स्क्रू लावलात तर पुढच्या वेळी मोटर जाईल. तशीच पीन मिळवा. तोपर्यंत प्लग काढून, हॉपर रिकामा करून, मोटर सोडवा आणि ऑगर हाताने उलटा फिरवून पाहा. भुसा अजून आत अडकलेला असेल तर तो तेव्हा बाहेर येईल. आला नाही तर ऑगर पूर्ण ओढून काढा. जोर लावू नका आणि सैल करायला पाणी तर अजिबात नको.