मदत हवी आहे : सॉल लाइटर यांच्या शैलीवर आधारित हलते पोस्टर

नमस्कार,

रस्त्यावरच्या रंगीत छायाचित्रांच्या एका प्रदर्शनासाठी मी १०८० × १९२० पिक्सेलच्या उभ्या पडद्यावर सतत फिरत राहणारे, दहा सेकंदांचे पोस्टर तयार करत आहे. त्यासाठी अमेरिकी छायाचित्रकार सॉल लाइटर (१९२३–२०१३) यांची शैली डोळ्यांसमोर ठेवली आहे. कलाजगतात कृष्णधवल छायाचित्रांनाच मान होता, त्या काळात १९४८ च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत फिल्म वापरायला सुरुवात केली. ते चित्रकारही होते आणि बाष्प धरलेली काच, चौकटीचा बराचसा भाग अडवणारा गडद पट्टा, कोपऱ्यात एखादाच लाल ठिपका या त्यांच्या मांडणीत ते जाणवते. त्यांचे कोणतेही छायाचित्र मी वापरणार नाही. रंगांचे प्रमाण आणि अडथळ्यातून पाहण्याची रीत एवढेच घेतले आहे.

कल्पना अशी आहे की पडदा म्हणजे बाष्पाने भरलेली खिडकी असावी, काचेवरून एक थेंब ओघळावा, त्याच्या वाटेत मागची लाल आकृती स्पष्ट दिसावी आणि मग बाष्प पुन्हा दाटून ती वाट बुजावी. बाष्प परत दाटते, त्यामुळे शेवटची चौकट पहिलीला आपोआप जुळते. (आफ्टर इफेक्ट्स या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील फ्रॅक्टल नॉइज या ढगाळ पोत तयार करणाऱ्या इफेक्टला सायकल इव्होल्यूशन, म्हणजे ठरावीक काळाने मूळ स्थितीत परतण्याची सोय, लावल्याने बाष्पाची हालचालही सांधा न दिसता फिरते.) इथपर्यंत सारे ठीक आहे.

अडचण अक्षरांची आहे. शीर्षक काचेमागे ठेवले तर ते चित्राचा भाग वाटते, पण थेंब तिथे पोहोचेपर्यंत वाचता येत नाही, आणि समोरून जाणारा माणूस दहा सेकंद थांबेलच असे नाही. सर्व मजकूर काचेपुढे आणला की तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. तूर्त तारीख आणि स्थळ गडद पट्ट्यावर स्थिर ठेवून फक्त शीर्षक मागे न्यावे, असे मला वाटते. मात्र शीर्षक किती धूसर चालेल, याचा अंदाज येत नाही. देवनागरीत धूसरपणा वाढला की आधी मात्रा आणि अनुस्वार हरवतात, म्हणून जाड वळणाचा फाँट घेतला, तर मांडणीतला हलकेपणा गेला.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. बाष्पाच्या मंद छटांमध्ये व्हिडिओ फाइल निर्यात केल्यानंतर पायऱ्यांसारखे रंगांचे पट्टे उमटतात. जिफमध्ये एका चौकटीत २५६ रंगच मावत असल्याने तो पर्याय सोडला, पण एच.२६४ (व्हिडिओ आकुंचित करण्याची पद्धत) च्या ८ बिट, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असलेल्या, व्हिडिओतही ते पूर्णपणे जात नाहीत. फिल्मसारखे बारीक कण मिसळले की पट्टे लपतात, मात्र कमी बिटरेटवर (दर सेकंदाला कमी माहिती साठवली की) कणांचेच चौकोनी डाग होतात आणि बिटरेट वाढवला की फाइल प्रदर्शनस्थळाच्या मर्यादेबाहेर जाते. कण प्रत्येक चौकटीत न बदलता स्थिर ठेवले तर फाइल आटोक्यात राहील का, की मग काच मळकट दिसेल? हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया सांगावे.