टोमॅटो महागला म्हणून आमचा हप्ता का वाढवायचा?

कोपरखैरणेकर:
सरळ मुद्द्यावर येतो. २०२१ च्या सुरुवातीला ४० लाखांचं होम लोन घेतलं, २० वर्षं, ६.७ टक्के, हप्ता ३०,३०० च्या आसपास. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्के होता. मग ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीची वाटही न बघता महागाई आवरायची म्हणून रिझर्व्ह बँकेने तो ०.४० टक्के वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. आमच्या बँकेने हप्ता तेवढाच ठेवला, मला वाटलं सुटलो. पुढे स्टेटमेंट काढून बघितलं तर ३०,३०० मधले २९ हजारांच्या वर व्याजात, मुद्दलात जेमतेम हजार-अकराशे, आणि कर्जाची मुदत माझ्या रिटायरमेंटच्या पार पलीकडे गेलेली. शेवटी बँकेने हप्ताच ३६ हजार केला. त्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं, हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

आता मला सांगा, महागाई कशाची होती? तेल, गहू, भाजी. युद्ध युक्रेनमध्ये, पाऊस लहरी. माझा हप्ता वाढवून वाशी मार्केटला टोमॅटोचा एक क्रेट तरी जास्त येतो का? २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जो महागाईचा आकडा काढायचे त्यात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीतच म्हटलं होतं की अन्न वगळून महागाईचं उद्दिष्ट ठेवायचा विचार करावा. माझं मत तेच आहे.

वाशी मार्केटवाला:
दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. पण टोमॅटोचं म्हणाल तर मी रोज पहाटे मार्केटमध्येच असतो आणि तुमचा हिशोब मला पटत नाही. टोमॅटो खरा पेटला तो जुलै २०२३ ला, आवक निम्म्याच्या खाली, रोजचे गिऱ्हाईक दोन क्रेटच्या जागी अर्धा घेऊन जायचे. त्या महिन्यात महागाई ७.४४ होती. रेपो वाढवला का? नाही, ६.५० वरच ठेवला, कारण नवीन माल आला की भाव पडणार हे त्यांनाही कळतं. म्हणजे भाजीसाठी तुमचा हप्ता वाढला हे खरं नाही. २०२२ ला सगळंच वाढत होतं, साबण, कपडे, गाडीभाडं. सलग तीन तिमाही सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेपलीकडे राहिली, आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला लेखी कारण द्यावं लागलं.

आणि अजून एक, भाजी उतरते पण तिच्या मागोमाग वाढलेलं बाकीचं उतरत नाही. टेम्पोवाल्याने फेरीमागे १०० वाढवले ते वाढवलेच, चहा १० चा १२ झाला तो १२ च राहिला, पोरांनी रोज वाढवून मागितला तोही द्यावाच लागला आणि द्यायलाच पाहिजे. अन्न वगळा म्हणता, पण माझ्या गाळ्यावरच्या पोराचा निम्मा पगार अन्नावरच जातो, त्याला काय सांगू, तुझी महागाई मोजत नाही म्हणून?

नौपाड्यातली आजी:
मी ७१ वर्षांची आहे, मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला. रेपो ४ टक्के होता तेव्हा तुमचा हप्ता हलका होता ना, तेव्हा माझ्या घरी काय चाललं होतं ते ऐका. १५ लाखांच्या ठेवीवर वर्षाला १ लाख १० हजार व्याज यायचं, रिन्यू केली तर ८८ हजारांवर आलं. महागाई ६ च्या वर आणि व्याज ६ च्या आत, म्हणजे मी दर वर्षी मुद्दलच खात होते, फक्त पासबुकात ते दिसत नाही. एक टक्का जास्त मिळतो म्हणून ३ लाख एका सहकारी बँकेत ठेवले, तिच्यावर निर्बंध आले. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरचा विमा ५ लाखांपर्यंत झालाय म्हणून मिळाले, पण मिळेपर्यंत शेजाऱ्यांकडून उसने घेऊन औषधं आणली. व्याज इतकं खाली नेलं की माझ्यासारखी माणसं धोक्याच्या जागी पैसे ठेवायला जातात, हेही कुणीतरी मोजा.

रबाळे एमआयडीसी:
आजी, तुमचं बरोबर, तरी मी कोपरखैरणेकरांच्या बाजूने. माझ्या कारखान्याची ५० लाखांची सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी बँकेकडून उचलायच्या कर्जाची मर्यादा, आहे, अडीच टक्के वाढले म्हणजे वर्षाला सव्वा लाख जादा, एका हेल्परचा निम्म्याहून जास्त पगार. ऑर्डर कमी झाल्या तेव्हा दोन पोरांना घरी बसवावं लागलं. महागाई उतरते ती अशी उतरते, कुणाचं तरी काम जाऊन. हे पुस्तकात ‘मागणी कमी होणे’ एवढंच लिहितात. निदान वाढ सावकाश करा, नऊ महिन्यांत एवढी उडी नको.

उरण शिपिंग:
सावकाश केलं असतं तर काय झालं असतं ते मी तुर्कस्तानात लांबून बघितलंय. न्हावा शेव्यातून आमचा माल इस्तंबूलच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जायचा. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं, एर्दोगानांचं म्हणणं, व्याजामुळेच महागाई होते. सप्टेंबर २०२१ ला १९ टक्के असलेला दर डिसेंबरपर्यंत १४ वर आणला. तेवढ्या चार महिन्यांत डॉलरला साडेआठ लिरा होते ते मध्ये १८ च्या वर गेले. आमचा माणूस सकाळी कोटेशन मागायचा आणि दुपारी फोन करून म्हणायचा थांबा, आता परवडत नाही. ऑक्टोबर २०२२ ला तिथली महागाई ८५ टक्के, आणि शेवटी मार्च २०२४ ला दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. पन्नास! आपल्याला अमेरिकेकडे पाठ फिरवता येत नाही, त्यांची मध्यवर्ती बँक फेड शून्याजवळून जुलै २०२३ पर्यंत ५.२५-५.५० वर गेली, आपण ४ वर बसून राहिलो असतो तर रुपयाचं काय झालं असतं? रबाळेवाले, तुमच्या कारखान्याला लागणारं तांबं डॉलरमध्येच येतं ना?

खारघर, बँकेत नोकरी:
सगळे रेपो किती हवा त्यावर भांडताय, मला वाटतं वाढीचा मार कोण खातो हा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत बहुतेक होम लोन ३० वर्षं फिक्स, ज्याने ३ टक्क्याने घेतलं त्याचा हप्ता फेडने काहीही केलं तरी तोच. मग तो धोका गेला कुठे? बँकांकडे, बाँड धरून बसलेल्यांकडे. सिलिकॉन व्हॅली बँकेने स्वस्ताईच्या काळात लांब मुदतीचे बाँड घेतले, व्याज वाढल्यावर त्यांची किंमत पडली, ठेवीदार घाबरले आणि मार्च २०२३ ला दोन दिवसांत बँक बुडाली. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, रिटेल कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायची सक्ती झाली, म्हणून बँका शाबूत राहिल्या आणि धोका कर्जदाराच्या घरात आला. आजींच्या ठेवी सुरक्षित राहाव्यात असं वाटत असेल तर यातलं थोडं तरी मान्य करावं लागेल.

कोपरखैरणेकर:
ताई, हे मला इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं, बँकेतही नाही. पण मग सही घेतानाच सांगा ना, की बाबा धोका तुझा. ऑगस्ट २०२३ ला नियम आला, हप्ता वाढवायचा की मुदत की फिक्सवर जायचं ते कर्जदाराला विचारा, पण तोवर माझी मुदत न विचारता वाढवून झाली होती. फिक्सचा दर विचारला तर दोन टक्के जास्त सांगितला, वर बदलायची फी. हा पर्याय म्हणायचा का? तुर्कस्तानचं मान्य. अन्न वगळायच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे, वाशीवाल्यांच्या गाळ्यावरच्या पोराला स्वस्त भाजी माझ्या हप्त्यातून मिळणार नाही, कोल्ड स्टोरेजमधून मिळेल.

वाशी मार्केटवाला:
टोमॅटो कोल्ड स्टोरेजला किती दिवस टिकतो ते मार्केटला येऊन बघा एकदा, पहाटे चारला या. चहा माझा.

नौपाड्यातली आजी:
२०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी ते जून ६.५० वरून ५.५० वर आला. माझी ठेव परत रिन्यूला आली, दर पुन्हा खाली. कोपरखैरणेकर, तुमचा हप्ता उतरला का?

कोपरखैरणेकर:
नाही आजी. हप्ता ३६ हजारच ठेवलाय, मुदत कमी करून घेतली. यावेळी विचारून.