पाउंडचा प्रश्न बागुलबुवा नव्हता

ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का, यावर स्कॉटलंडमध्ये 2014 साली सार्वमत झालं. त्यात चलनाचा प्रश्न, म्हणजे स्वतंत्र स्कॉटलंडला पाउंड वापरता येईल का हा प्रश्न, लंडनने उभा केलेला निव्वळ बागुलबुवा होता, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच लिहितोय.

तिथल्या 3 बँका स्वतःच्या नावाने पाउंडच्या नोटा काढतात. नोट हातात घेतली की वाटतं, चलन तर यांचं आहेच! पण त्या नोटांमागे बँक ऑफ इंग्लंडकडे तारण असावं लागतं. त्यासाठी 10 कोटी पाउंडांची एकेक नोट तिजोरीत पडून असते. म्हणजे नाव एडिंबराचं, पत लंडनची.

2014च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी चलनसंघाला, म्हणजे दोन्ही देशांनी मिळून पाउंड वापरण्याला, साफ नकार दिला. तो दबाव होता, मान्य. पण ऑगस्टच्या वादचर्चेत स्वातंत्र्यविरोधी बाजूचे नेते डार्लिंग 'पर्यायी योजना काय?' असं पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि स्वातंत्र्याच्या बाजूचे नेते सॅमंड यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं. ज्याचं घराचं कर्ज पाउंडात, पेन्शन पाउंडात, त्याने मत कशाच्या भरवशावर द्यायचं?

ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या आयर्लंडचं उदाहरण दिलं जातं, ते योग्यच. पण त्यांनी 1928मध्ये स्वतःचा पाउंड काढला, तो 1979पर्यंत ब्रिटिश पाउंडशी एकास एक बांधून ठेवला. लंडनच्या परवानगीची गरज पडली नाही. उलट, चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर चेक आणि स्लोव्हाक देशांनी ठेवलेला चलनसंघ मात्र 1993मध्ये सहा आठवडेही टिकला नाही.

स्वतःच्या चलनाचा ठराव स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादी पक्षाने, एसएनपीने, 2019च्या अधिवेशनात केला. तो 5 वर्षं आधी हवा होता.