विज्ञानकथेतलं परकं यान: शोधक कधी, हेर कधी? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

तिरपी रेघ
परकं यान आलं की लेखक त्याच्या हेतूवर पानंच्या पानं लिहितात. हेतू सोडा, यान ओळख देतं का तेवढं बघा. १९७७च्या व्हॉयेजर यानांवर तबकडी आहे: आम्ही कोण, कुठले, सगळं कोरलेलं. उलट १९६०च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरर-१४ या 'वैज्ञानिक' उपग्रहाची कुपी विमानाने हवेतच झेलली. आत सोव्हिएत भूमीचे फोटो! पाटी खोटी, म्हणून हेरगिरी.

घर्षण
असहमत. लपणार कसं तेही सांगा की. १ टनाचं यान प्रकाशाच्या १० टक्के वेगाने आलं, तर थांबताना १०० मेगाटन टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते, आणि इंजिनाचं तोंड नेमकं आपल्याकडे. न थांबता गेलं तर पृथ्वी-सूर्याएवढं अंतर ८३ मिनिटांत पार. तेवढ्यात काय टिपणार? शिवाय ४० प्रकाशवर्षांवरची बातमी ४० वर्षं शिळी. आरमार तेव्हा कुठे होतं हे कळून सेनापतीला काय उपयोग? वातावरणात ऑक्सिजन किती, हे मात्र इतक्यात शिळं होत नाही. ताऱ्या-ताऱ्यांमध्ये शोधच परवडतो, हेरगिरी एका सूर्यमालेपुरती.

तिरपी रेघ
आग दिसायला दुर्बिणी हव्यात! दहा हजार वर्षांपूर्वीच येऊन लघुग्रहावर बसलेलं यान घ्या. पृथ्वीच्या कक्षेजवळ खडकाचं तापमान ढोबळमानाने २८० केल्विन (सुमारे ७ अंश सेल्सियस). यान तेवढंच थंड राहिलं तर उष्णता टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीलाही तो दगडच. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९६० मध्ये अशीच दबा धरणारी यानं सुचवली होती, पण ती आपलेच रेडिओ संदेश परत ऐकवून बोलणं सुरू करणारी. तेच यान गप्प राहिलं की हेर. आणि 'यांनी अणुभट्टी बांधली' ही बातमी ४० वर्षांनीही मोलाचीच.

दर्यावर्दी
दोघेही यानाला एकच धनी, एकच काम धरून चालला आहात. ब्रिटिश कप्तान जेम्स कुक १७६८ मध्ये निघाला तो जाहीरपणे ताहितीहून शुक्राचं अधिक्रमण (शुक्राचं सूर्यबिंबावरून सरकणं) मोजायला. ते १७६९ मध्ये उरकल्यावर गुप्त हुकुमाप्रमाणे दक्षिणेचं खंड शोधायला गेला. जहाज तेच, नकाशे काढणारे हातही तेच. कथेतली परकी संस्कृती रचताना यानाच्या नोंदी आधी कोणाच्या टेबलावर जातात ते ठरवा. बहुतेक कथा इथेच आळस करतात.

घर्षण
दबा धरलेल्या यानाचा मुद्दा मान्य. त्याने १ मीटर आरशातून १ मायक्रॉन तरंगलांबीचा लेझर सोडला, तर ४० प्रकाशवर्षांवर झोताची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या तिप्पट होईल. त्या झोताबाहेर काळोख, म्हणजे घरी धाडलेला निरोपही आपल्याला दिसणार नाही. मग 'ओळख देतं का' ही कसोटी लावणार कोण? जे यान सापडलंच नाही, त्याला विचारणार कसं?